दीड किलोचा प्रवासी

आपल्याकडे रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचं कौतुक एकाच गोष्टीसाठी होतं: किती वेळात आणलं. सोलापुरात सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावर उभं राहा, "पंढरपूरहून पन्नास मिनिटांत सिव्हिलला टेकवलं" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच आणि ऐकणारे माना डोलावतात. मोठा माणूस असेल, अपघात असेल, हार्ट अटॅक असेल, तर त्या कौतुकात बराच अर्थ आहे. पण गाडीतला रुग्ण दीड किलोचा असेल आणि जगात येऊन त्याला दोन तास झाले असतील, तर हा हिशोब उलटा होऊ शकतो. ते कसं, एवढंच मला लिहायचं आहे.

मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकच्या मुलांना यंत्रांची कंपनं शिकवतो. कंपनांशी ओळख मात्र पुस्तकाच्या आधीची. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. माग सुरू असले की फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला यायची आणि आई येता-जाता ती मागे लोटायची. वडील घरातसुद्धा ओरडून बोलायचे, कारण आयुष्यभर त्या खडखडाटात काम करून कान गेले होते. मागाच्या पायाखाली रबराचे, नमद्याचे तुकडे घालायचा उद्योग आम्ही पोरं करायचो. कधी हादरा कमी व्हायचा, कधी चक्क वाढायचा. तो का वाढतो हे कळायला डिप्लोमाचं तिसरं वर्ष यावं लागलं.

माझी ताई मंगळवेढा तालुक्यात दिलेली. तिची मुलगी पुण्यात, नवरा-बायको दोघंही नोकरीला. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि भाची माहेरी आली. बत्तिसाव्या आठवड्यात रात्रीच कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात पहाटे बाळ झालं, वजन एक किलो चारशे ग्रॅम. श्वास घेताना कण्हल्यासारखा आवाज, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. सोलापूरला हलवावं लागणार हे डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगितलं. गाडी दारात आली आणि बाई म्हणाल्या, "अजून तासभर थांबा."

भाऊजींचा पारा चढला. मला फोन: "अरे, गाडी उभी आहे, पोरगं तडफडतंय आणि ही बाई थांबा म्हणते!" मी इकडून काय सांगणार? त्या तासात बाईंनी बाळाला वॉर्मरखाली ठेवून अंग गरम केलं, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली, सलाईनची सुई नीट बसवली, श्वासाला नाकातून दाब दिला आणि सोलापूरच्या डॉक्टरांशी फोनवर सगळं बोलून घेतलं. मग गाडी निघाली. ड्रायव्हरला त्यांनी दिलेल्या सूचना भाऊजींनी मला नंतर रागारागानं ऐकवल्या: चाळीसच्या वर जायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही, गरज पडल्याशिवाय सायरन नाही. "सायरन नाही, म्हणे! मग रुग्णवाहिका कशाला, टेम्पोत घालून नेलं असतं."

भाऊजी मोटारसायकलवर गाडीच्या मागे. तेव्हा रस्ता चौपदरी व्हायचा होता. बेगमपूरला भीमा ओलांडायची, कामती, मग तिऱ्ह्याला सीना. पंचावन्न किलोमीटरच्या आसपासचं अंतर, पण वेळ इतका लागला की मी दवाखान्याच्या दारात फेऱ्या मारून वॉचमनच्या ओळखीचा झालो.

बाई बरोबर होत्या. त्या किती बरोबर होत्या हे पुढे वाचत गेलो तसं कळत गेलं आणि वाचता वाचता मी माझ्याच विषयात येऊन पोचलो.

माणसाच्या शरीराला किती कंपन सोसवतं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१. त्यानुसार प्रवासात कंपनाचं त्वरण ०.३१५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापेक्षा कमी असेल तर त्रास जाणवत नाही, त्याच्या वर गेलं की अस्वस्थता सुरू होते आणि २ च्या पुढे ती असह्य. हे आकडे धडधाकट मोठ्या माणसांवरून ठरलेले: ट्रॅक्टर चालवणारा, कारखान्यात उभा राहणारा, बसमध्ये बसणारा. आजारी नवजात बाळांसाठी असं वेगळं मानक नाही, म्हणून संशोधक हेच लावतात. आणि जिथे जिथे बाळाला ऊबेत नेण्याच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) गादीवर यंत्र ठेवून मोजलं, तिथे मोठ्यांसाठीची ती अस्वस्थतेची रेषासुद्धा बऱ्याचदा ओलांडलेली दिसते.

त्याहून मजेची, म्हणजे खरं तर काळजीची, गोष्ट अशी की गाडीच्या फरशीवर जेवढं कंपन असतं त्यापेक्षा गादीवर जास्त असू शकतं. गाडीचे स्प्रिंग, त्यावर स्ट्रेचर, त्यावर पेटीची चौकट, तिच्यात ट्रे, ट्रेवर गादी. प्रत्येक थर थोडं गाळतो, थोडं वाढवतो. आमच्या मागाखालच्या रबराचं रहस्य इथेच आहे. गादी आणि तिच्यावरचं वजन मिळून त्यांची स्वतःची एक वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती वेळा हलायचं ते, ठरते. वजन कमी झालं की ती वर सरकते: वजन एक तृतीयांश केलं, तर सुमारे पावणेदोनपट. खालून येणारं कंपन या वारंवारतेच्या बऱ्यापैकी वर असेल, तरच गादी ते गाळते. जवळपास असेल तर तीच गादी कंपन वाढवून वर देते. म्हणजे तीन किलोच्या बाळाला जी गादी झुलवते, तीच एक किलोच्या बाळाला हादरवू शकते. जेलच्या, हवेच्या, फोमच्या गाद्या वापरून बघितल्या गेल्या आहेत, काहींचा उपयोगही होतो, पण ज्यांना सर्वात गरज त्या सर्वात हलक्या बाळांना सर्वात कमी. वर्गात हे समीकरण मी फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत आलोय. त्यातल्या m च्या, म्हणजे वस्तुमानाच्या, जागी एखादं बाळ असू शकेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता रस्ता. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि ज्वारी पिकते त्या काळ्या मातीमुळे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर केलेला रस्ता खड्डे नसले तरी लाटा धरतो. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, पण गाडी हेलकावे खात जाते. समजा, दोन उंचवट्यांमधलं अंतर चार मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा थोडे जास्त हेलकावे. मोठ्या माणसाचं बसलेलं धड उभ्या दिशेत साधारण चार ते सहा हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना, सगळ्यात जास्त थरथरतं, म्हणून तर अशा रस्त्यावर पोटापर्यंत हादरे बसतात. तीच गाडी ४० नं चालवली की हेलकावे सेकंदाला तीनच्याही आत येतात. वेग कमी करणं म्हणजे फक्त हळू जाणं नव्हे, वेगळ्या वारंवारतेवर जाणं. ड्रायव्हरच्या पायात एक फिल्टर असतो, तोही फुकटचा.

गतिरोधकांबद्दल न बोललेलं बरं, तरी बोलतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, वाहन ताशी २५ नं आरामात जाईल असा गोलाई दिलेला हवा. आमच्याकडे गावकरी एका रात्रीत जो बांधतात तो रुंदीला हातभर आणि उंचीला मर्जीप्रमाणे. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम. उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, अंधारात अचानक समोर. मग ब्रेक.

आणि ब्रेक हा वेगळाच विषय आहे. ६० च्या वेगातली गाडी चार सेकंदांत थांबवली तर मंदनाचा, म्हणजे वेग उतरण्याचा, जोर गुरुत्वाकर्षणाच्या दोन पंचमांशाहून थोडा जास्त होतो. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर आत ढकलतात तेव्हा डोकं सहसा ड्रायव्हरच्या बाजूला येतं. ब्रेक लागला की अंगातलं रक्त त्याच दिशेला, डोक्याकडे, लोटलं जातं. आपल्याला काही होत नाही. रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूतला प्रवाह सांभाळायची सोय मोठ्यांच्या शरीरात असते. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळात ती कच्ची असते, दाब वाढला की प्रवाह वाढला, दाब पडला की प्रवाह पडला. त्यातून या बाळांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, नव्या पेशी तयार होण्याचा एक भाग असतो. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार नाजूक. बत्तीस-चौतीस आठवड्यांपर्यंत तो भाग विरत जातो. त्याआधी जन्मलेल्या बाळात तिथे रक्तस्राव होण्याची भीती, आणि झालाच तर बहुतेक वेळा तो पहिल्या तीन दिवसांत होतो. नेमके हलवाहलवीचे दिवस.

इथे जरा सावध बोलायला हवं. हादऱ्यामुळेच रक्तस्राव होतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही. हलवलेली बाळं मुळातच जास्त आजारी असतात, दोष रस्त्याचा किती आणि आजाराचा किती हे वेगळं काढणं अवघड. पण २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा मोठा अभ्यास आला. त्यात सारख्या परिस्थितीतल्या बाळांच्या जोड्या लावून तुलना केली होती. लहान रुग्णालयात जन्मून पहिल्या ४८ तासांत मोठ्या रुग्णालयात हलवलेल्या बाळांमध्ये मेंदूला गंभीर इजा होण्याचं प्रमाण, मोठ्या रुग्णालयातच जन्मलेल्यांपेक्षा जास्त निघालं. आणि हे इंग्लंडच्या रस्त्यांवर, खास बाळांसाठीच्या गाड्यांत, तयार पथकांसोबत.

आवाजाचंही तसंच. नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवावा, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. धावत्या रुग्णवाहिकेत तो साठ-सत्तरच्या घरात सहज जातो. डेसिबलचं गणित फसवं असतं: दर दहाला ध्वनीची ऊर्जा दसपट. म्हणजे ४५ ते ६५ हा फरक विसाचा नाही, शंभरपटीचा. गर्भात आईचं अंग आणि पाणी मिळून चिरके आवाज गाळून टाकतात. तिथून निघून दोन तासांत सायरन! बाईंनी सायरन बंद करायला सांगितला तो याचसाठी. शिवाय त्या आवाजात सोबतच्या नर्सला स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. हादऱ्यांनी पल्स ऑक्सिमीटर खोटे आकडे दाखवतो. हातानं फुगा दाबून श्वास द्यायचा असेल तर गाडीच्या हिसक्यांबरोबर दाबाचा ताल बिघडतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वरखाली होतो आणि त्याबरोबर मेंदूतलं रक्तही. बाळाला बसणारा हादरा आणि बाळाची काळजी घेणाऱ्या हाताला बसणारा हादरा, दोन्हींची किंमत बाळालाच.

थंडीचं मात्र कुणालाच खरं वाटत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, आणि थंडी? पण बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत हवं. ३६ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला मध्यम थंडावणं म्हणते, ३२ च्या खाली गंभीर. बाळ कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. ओलं अंग, मोठं डोकं, कातडीखाली चरबी नाही. आणि उन्हाळ्यात गाडीत बसलेल्या नातेवाइकांना उकडतं म्हणून एसी पूर्ण सोडलेला असतो! अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड किलोखालच्या हजारो बाळांच्या अभ्यासात दाखल होतानाचं तापमान एका अंशानं कमी असलं तर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी जास्त आढळली. उपाय म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या लावायच्या, तर त्यांनी भाजलेली बाळंही दवाखान्यात येतात.

सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीची. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेली कांगारू पद्धत आता आपल्याकडच्या नर्सबाईंनाही तोंडपाठ आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू केली तर मृत्यू पाव हिश्श्यानं कमी झाल्याचं दिसलं. जर्मनीत तर स्थिर बाळांना पेटीऐवजी आईच्या, नाहीतर सोबतच्या नर्सच्या, छातीशी बांधून गाडीतून नेऊन पाहिलंय. यंत्रवाला म्हणून मला ते फार पटतं: साठ किलोचं मऊ शरीर हे हादरे गाळण्याचं उत्तम साधन आहे. अडचण एकच, गाडी धडकली तर छातीवरच्या बाळाला गाडीचा पट्टा नसतो. म्हणजे पुन्हा चालवणाऱ्यावर येतं.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक. ही व्यवस्था नसतानाचे दिवस आठवणारा माणूस तिला नावं ठेवणार नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचा प्रवास आणि सरकारी रुग्णालयातला उपचार मोफत आहे, आणि हेही अनेकांना माहीत नसतं. पण गाडी सहसा मोठ्या माणसाला समोर ठेवून केलेली असते. स्ट्रेचर मोठ्याचं, पट्टे मोठ्याचे. आणि ड्रायव्हरला शाबासकीही मोठ्या माणसाच्या हिशोबानं.

वेळेचा हिशोब तरी बघा. चाळीस किलोमीटर ६० नं चाळीस मिनिटं, ८० नं तीस. वाचली दहा मिनिटं. दवाखान्यात बाळ स्थिर करायला जो तास लागतो त्यापुढे ही दहा मिनिटं काय आहेत? अंग गरम, साखर ठीक, श्वास धरलेला, सुई पक्की, पुढच्या दवाखान्यात खाट तयार, ऑक्सिजन लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट. एवढं झालं असेल तर घाई करायचं कारण उरत नाही. झालं नसेल तर घाई करून उपयोग नाही. (श्वासनलिका, आतडी, हृदयाचे काही जन्मजात दोष असे असतात की शस्त्रक्रियेशिवाय थांबता येत नाही. तिथला निर्णय डॉक्टरांचा, माझ्यासारख्याचा नाही.)

आमचा नातू सोलापुरात पोचला तेव्हा त्याचं तापमान साडेछत्तीसच्या वर होतं. दाखल करून घेणाऱ्या तरुण डॉक्टरनं ते वाचून दाखवलं, कुणी पाठवलं म्हणून विचारलं आणि "बाईंनी छान पाठवलंय" म्हणाला. भाऊजी शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. बाळ बरेच दिवस काचेत होतं, मग छातीशी बांधलेलं, मग घरी.

या सगळ्या वाचनात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: बाळाला हलवायची उत्तम पेटी म्हणजे गर्भाशय. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असं दिसलं आणि वेळ हातात असला, तर बाळाला नंतर नेण्यापेक्षा आईलाच आधी मोठ्या ठिकाणी न्यावं. निघण्यापूर्वी स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन द्यावं, ज्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची शक्यताही घटते. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी हे १९७२ मध्ये दाखवलं. २०१४ पासून आपल्याकडे उपकेंद्रातल्या एएनएम ताईंनाही (आरोग्यसेविकांनाही) पाठवण्याआधीचा हा पहिला डोस देण्याची परवानगी आहे.

पण आपण काय करतो? पुण्यात, सोलापुरात, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहणारी मुलगी सातवा लागला की ओटी भरून गावाकडे पाठवतो, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. सगळ्या सोयी मागे ठेवून ती नेमक्या धोक्याच्या आठवड्यांत तिथे जाते जिथे रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही. माहेरची ऊब खरी आहे, आईच्या हातचा डिंकाचा लाडू खरा आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण रक्तदाब वाढलेला असेल, जुळं असेल, आधी एकदा दिवस भरायच्या आत झालं असेल, तर माहेर मुलीकडे गेलं पाहिजे. मी हे नात्यात दोन-तीन घरी बोललो. एका विहीणबाईंनी "तुम्ही मशीनचे सर, बाळंतपणातलं काय कळतं" असं तोंडावर सुनावलं. रास्त प्रश्न आहे.

दुसऱ्या वेळी भाचीनंच ठरवलं. गावी जायचं नाही, मामाकडे सोलापूरला. ताई ज्वारीचं पोतं, शेंगाचटणीची बरणी आणि स्वतःची काटवट घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आली आणि माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात राज्य करू लागली. त्या महिन्यांत दोघींची जी काही धुसफूस झाली तिच्यावर वेगळा लेख होईल, पण तो मी जिवंतपणी लिहिणार नाही. दिवस पूर्ण भरले, मुलगी झाली, दोन किलो नऊशे. सोडलं त्या दिवशी दवाखान्यातून घरापर्यंत आम्ही रिक्षा केली. प्रत्येक गतिरोधकाला मी मागून "हळू, हळू" करत होतो. तिसऱ्याला रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "सर, ढकलत न्यायची का आता?"

भाऊजी पुढे त्याच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "सांगतायत तसं कर."